बालवाडी तीन तासांचीच का?

गेल्या पावसाळ्यात आपल्या दहावी १९९६ च्या व्हॉट्सॲप गटावर एका मैत्रिणीने प्रश्न टाकला होता, आठवत असेल. उशिरा झालेलं मूल, वय तीन वर्षं. घराजवळ तीन तासांचा प्लेग्रुप आहे आणि ऑफिसजवळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा असं दिवसभराचं केंद्र. कुठे घालू? त्यावर रात्री बारापर्यंत गट जागा होता. एरवी शुभ सकाळच्या फुलांपलीकडे न जाणारे लोकसुद्धा हिरिरीने लिहीत होते. आणि निदान पाच जणांनी तरी एकच वाक्य लिहिलं: आपण सगळे बालवाडीत दोन-तीन तासच जायचो, काय बिघडलं आपलं? बाईंनीही त्यावर अंगठा टाकला. शाबासकीचा, आपल्याकडचा नव्हे.

स्मरणिका समितीने माझ्याकडे खरं तर 'संगणक आणि आपण' असा विषय मागितला होता. तो मी दिला नाही, समितीने क्षमा करावी. मला त्या तीन तासांनी धरून ठेवलं. आमच्या धंद्यात वीस वर्षं जुन्या प्रोग्रॅममध्ये एखादा आकडा सापडतो. तो तिथे का आहे हे कुणालाच माहीत नसतं, पण त्याला हात लावायला सगळे घाबरतात. अशा वेळी मागे मागे जाऊन तो कुणी आणि कशासाठी टाकला ते शोधावं लागतं. बालवाडीच्या तीन तासांचा मी तसाच शोध घेतला. हाती लागलं ते आपल्या गावाशी आणि आपल्या वर्गाशीही येऊन भिडलं, म्हणून इथे मांडते.

सुरुवात तीन तासांची नव्हतीच. स्कॉटलंडमध्ये न्यू लानार्क नावाचं गिरणगाव होतं. सुताच्या गिरण्या, म्हणजे आपल्या इचलकरंजीचं नातलगच म्हणायचं. तिथला गिरणीमालक रॉबर्ट ओवेन याने दहा वर्षांखालच्या मुलांना कामावर घेणं बंद केलं आणि १८१६ मध्ये मुलांसाठी शाळा काढली. त्यात चालायला लागलेल्या पोरांपासून सगळ्यांना जागा होती. कारण उघड होतं. आईबाप दोघेही गिरणीत, मग पोरं जाणार कुठे? मुलांनी नाचावं, गावं, बाहेर खेळावं आणि त्यांना मारू नये, असा ओवेनचा आग्रह होता. पण शाळेची वेळ ठरवली ती गिरणीच्या भोंग्याने.

मॉन्टेसरीबाईंचंही तेच. मॉन्टेसरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाकडी मनोरे, पांढरेशुभ्र मोजे आणि भरभक्कम फी येते. पहिलं 'बालगृह' उघडलं ते ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत, चाळवजा इमारतीत. एका घरबांधणी कंपनीने जुन्या इमारती दुरुस्त करून कामगार कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप दिवसभर कामावर आणि मागे राहिलेली पोरं भिंती रंगवणार, जिने खराब करणार. रंगरंगोटीचा खर्च वारंवार करण्यापेक्षा एक खोली आणि एक बाई ठेवलेली स्वस्त, असा त्या कंपनीचा हिशेब होता. मारिया मॉन्टेसरींनी त्या खोलीचं जे केलं ते पुढे जगभर गेलं. त्यांनी १९०९ मध्ये जे पुस्तक लिहिलं त्यात बालगृहाचं हिवाळी वेळापत्रक दिलेलं आहे, सकाळी नऊ ते दुपारी चार. मधे जेवण, खेळ, बागकाम. म्हणजे ज्यांच्या नावाने आज अर्ध्या दिवसाच्या शाळा चालतात, त्यांची स्वतःची शाळा पूर्ण दिवसाची होती.

मग अर्धा दिवस आला कुठून? एक धागा अमेरिकेत सापडतो. फ्रोबेलचं बालोद्यान जर्मनीतून तिकडे गेलं आणि १८७३ मध्ये सेंट लुईस शहरात सरकारी शाळेला जोडलं गेलं. सुरुवातीच्या बालोद्यान शिक्षिका सकाळी मुलांना घेत आणि दुपारी मुलांच्या घरी जाऊन आयांना भेटत. दुपार रिकामी नव्हती, ती घरभेटींसाठी राखलेली होती. सरकारी व्यवस्थेत हे रुजल्यावर हिशेबनिसांना दिसलं की एक बाई आणि एक खोली दुपारी मोकळीच आहे. मग त्याच बाईंना दुपारी दुसरी तुकडी दिली गेली. घरभेटी गेल्या, अर्धा दिवस राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर मुलं वाढली, शिक्षिका आणि वर्गखोल्या पुरेनात, तेव्हा ही पद्धत आणखी पक्की झाली. तीन वर्षांच्या मुलाला किती वेळ झेपतं, हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

आता आपल्याकडे या. १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांनी बालमंदिर सुरू केलं. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. ही सगळी मध्यमवर्गीय घरातली मुलं. घरी आई होती, आजी होती, बहुधा एखादी आत्याही. मूल सांभाळायला जागा हवी म्हणून तिथे कुणी मूल आणत नव्हतं. आणत होते ते शिक्षणासाठी, मारझोड आणि घोकंपट्टीशिवाय मूल वाढावं यासाठी. अशा घरांना थोडे तास पुरतात, आणि आजही पुरतात. माझा तर्क असा की आपल्या मनातली 'बालवाडी म्हणजे थोडा वेळ' ही समजूत या घरांतून आली. त्या घरांत दुपार सांभाळणारी बाई असायचीच. ती हिशेबात कधी धरली गेली नाही, इतकंच.

१९४५ साली ताराबाईंनी जे केलं ते मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात मोठं वाटतं. वय त्रेपन्न. दादरला जम बसलेला. ते सोडून त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे) आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं होतं. पुढे त्या नोकरी करता करता शिकल्या. या दोघींनी मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवली आणि शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेऊन काम सुरू केलं. हे बहुतेकांना माहीत असतं, डी.एड. झालेल्या आपल्या मैत्रिणींना तर पाठच असेल.

त्यापेक्षा कमी बोललं जातं ते वेळेबद्दल आणि जागेबद्दल. बालवाडी काढली तरी वाडीवरची मुलं येईनात. मग ताराबाईंनी उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडी त्यांच्या अंगणात जाईल. यातून 'अंगणवाडी' आली, हा शब्दही त्यांचाच. थोडी मोठी मुलं गुरांमागे रानात असत, तर शिक्षिका साहित्य घेऊन कुरणात जाई, ती 'कुरणशाळा'. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं आणि तिथे वारली मुलांमध्ये काम करताना त्यांच्या लक्षात आलं की शाळेत न येणाऱ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मुलीला शाळेत बोलवायचं तर कडेवरच्याचं काय? आणि त्याला घरी ठेवायचं तर घरी कुणीच नाही, आई मजुरीला.

यावरचं त्यांचं उत्तर म्हणजे 'विकासवाडी'. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताईने येताना कडेवरचं बाळ घेऊन यायचं, बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि ताई तिच्या वर्गात. मी या रचनेकडे माझ्या धंद्याच्या नजरेने पुन्हा पुन्हा पाहते. तीन वेगळ्या अडचणी म्हणून सोडवायला गेलं तर एकही सुटत नाही, कारण त्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यांनी गाठ ओळखली. सांभाळ आणि शिक्षण ही दोन खाती त्यांनी वेगळी ठेवलीच नाहीत. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. विकासवाडी मात्र गावोगाव झाली नाही.

गावोगाव झाला तो एक शब्द. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशभरात ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा एका बाईच्या आणि एका मदतनिसाच्या गळ्यात. योजनेने किती मुलांच्या पोटात घास घातला याबद्दल मला आदरच आहे, गैरसमज नको. पण ती सांभाळाच्या अंगाने आखलेली नव्हती. अंगणवाडी सेविका 'मानसेवी' ठरल्या, त्यांना पगार नाही, मानधन. आणि मानधन द्यायचं तर काम थोड्या तासांचं आहे असं म्हणणं भाग पडतं. मूल दुपारी घरी जाणार, हे गृहीत धरूनच सगळं बसवलेलं. ते घरी गेल्यावर सेविका नोंदवह्या भरणार, घरभेटी देणार, सर्वेक्षणं करणार, हा वेळ मात्र कुणी मोजायचा नाही.

हा हिशेब शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. गुजरातमधल्या प्रकरणात सेविकांना ग्रॅच्युइटी लागू आहे का, हा प्रश्न होता. सरकारी बाजूचं म्हणणं की हे काम अर्धवेळ आहे. २५ एप्रिल २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी ते मान्य केलं नाही. सेविका आणि मदतनिसांच्या कामाची यादी पाहता त्याला अर्धवेळ म्हणता येणार नाही आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू होतो, असं ठरलं. सत्तेचाळीस वर्षं लागली हे लिहायला. त्यानंतरही डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यातल्या सेविका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, तेव्हा गटावर कुणीतरी 'एवढ्याशा कामाला किती मागणार' असं लिहिलं होतं. कुणी ते मी इथे लिहीत नाही. चिकन पार्टीला तोच वर्गणी गोळा करणार आहे.

मग कामावर जाणाऱ्या आईसाठी कायद्यात काही नव्हतं का? होतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमात पाळणाघराची तरतूद होती. पन्नासपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर मालकाने पाळणाघर ठेवायचं. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आला. आता आपलं गाव डोळ्यांपुढे आणा. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवल्यापासून आपल्याकडे मोठी गिरणी हा अपवाद आणि पत्र्याच्या शेडमधले चार-आठ-बारा माग हा नियम. माग चालवणारे बहुतेक पुरुष, बायका कांड्या भरायला, त्याही पुष्कळदा घरीच. तीस बायका एका छपराखाली येणार कधी? कायदा खोटा नव्हता, पण त्याने पाहिलेला कारखाना मुंबईच्या परळचा होता. आपल्या गल्लीत त्याला दार सापडलंच नाही. शिवाय मोजायच्या फक्त बायका, म्हणजे ज्याला खर्च नको त्याने बायका कमी ठेवाव्यात हे सोपं.

माझ्या क्षेत्रात हे बदललं ते २०१७ मध्ये. मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. इथे कर्मचारी मोजायचे ते सगळे, बायका आणि पुरुष. ही सुधारणा मोठी आहे. पण त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की 'स्त्री'ला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊ द्यावं. बाप कुठे गेला, हे कायद्याने विचारलेलं नाही. आमच्या टीममधला एक तरुण बाप रोज साडेपाचला मुलाला आणायला उठतो तेव्हा आजही त्याला टोमणे बसतात, तेव्हा कायद्यालाच एकट्याला दोष देत नाही.

आपल्या गटातली स्टुटगार्टची मैत्रीण या वादात म्हणाली होती की तिच्या शेजारणी अजूनही दिवसभर मूल ठेवणाऱ्या आईकडे वाकड्या नजरेने पाहतात. त्यामागेही इतिहास आहे. देश दोन होते तेव्हा पश्चिम जर्मनीत बालोद्यान दुपारच्या जेवणापर्यंत आणि मूल जेवायला घरी. पूर्व जर्मनीत बायका कामावर हव्या होत्या, तर तिथे दिवसभराची केंद्रं आणि बहुतेक मुलं त्यांत. भाषा एक, मुलं तशीच, नुसती मधे भिंत. तीन वर्षांच्या पोराला किती तास मानवतात याचं उत्तर भिंतीच्या दोन बाजूंना दोन होतं. पश्चिमेकडे नोकरी करणाऱ्या आईला 'डोमकावळीण आई' अशा अर्थाचा शब्दच आहे. तिसऱ्या वर्षापासून बालोद्यानात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क एकत्र झालेल्या जर्मनीत १९९६ मध्ये आला, म्हणजे आपण दहावीचे पेपर देत होतो तेव्हा.

आता मैत्रिणीचा प्रश्न. मी तिला तेव्हा फोनवर जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण बऱ्याच जणांनी नंतर विचारलं. तासांची संख्या बघू नकोस, दुपारी दोन वाजता त्या केंद्रात जाऊन उभी राहा. सकाळी दहाला सगळीच केंद्रं छान दिसतात. सकाळच्या शिक्षिका कोर्स केलेल्या असतात, रंग, गाणी, मातीकाम. दुपारी पुष्कळ ठिकाणी त्या घरी जातात आणि मुलं एखाद्या मावशींच्या ताब्यात येतात, ज्यांना पगार निम्मा आणि मुलं दुप्पट. मावशी तीन महिन्यांनी बदलतात. म्हणजे सांभाळ आणि शिक्षण ही दोन खाती तिथे घड्याळाने वेगळी केलेली असतात. ज्या केंद्रात दुपारची बाई मुलांना नावाने ओळखते, झोपायला अंधाराची जागा आहे, न झोपणाऱ्याला दटावत नाहीत आणि मुलाने पोळी खाल्ली की भात हे संध्याकाळी तुला कुणी न बघता सांगू शकतं, तिथे पूर्ण दिवस घाल. तसं नसेल आणि घरी आजी-आजोबा खरोखर धडधाकट असतील, तर अर्धा दिवस. पण आजीला विचारून. आपल्या पिढीने आजी गृहीत धरण्याचा विक्रम केला आहे. माझी मुलगी दुसऱ्या वर्षापासून पुण्यात दिवसभराच्या केंद्रात वाढली, आज अकरावीत आहे आणि तिला तिथलं आठवतं ते दुपारचं, पडदे ओढल्यावर मावशी सांगायच्या त्या गोष्टी.

राहता राहिलं ते वाक्य, 'आपलं काय बिघडलं'. आपण म्हणजे कोण, हे नीट पाहायला हवं. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी दुपारी कुणीतरी होतं. तिसरी-चौथीत खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन बसायची, ती काही जणांना आठवेल. तिची आई कांड्या भरायची आणि वडील मागावर, बारा तासांची पाळी. भाऊ गप्प बसावा म्हणून बाई त्याला पाटी द्यायच्या, कधी स्वतःच्या डब्यातली पोळी. गणितात ती माझ्या पुढे असायची. बालवाडी आमच्या गल्लीत होती, साडेअकराला सुटायची. साडेअकरा ते पाच त्या मुलाला कोण बघणार? पाचवीच्या हजेरीत तिचं नाव नव्हतं.

स्नेहमेळाव्याची यादी समितीने दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. तेच सोपं होतं आणि वेळही थोडा होता, समजतं. त्यात ६२ नावं आहेत. प्राथमिक विभागाचं जनरल रजिस्टर शाळेच्या कार्यालयात अजून आहे, मी जूनमध्ये जाऊन विचारून आले. कारकून भाऊसाहेब दाखवायला तयार आहेत. त्यात पहिलीला दाखल झालेली सगळी नावं आहेत आणि प्रत्येकापुढे शाळा सोडल्याचं कारण हा रकाना आहे. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस मी गावात आहे. कुणी सोबत येणार असेल तर बसून आधी गेलेल्यांची यादी काढू. त्यातल्या बऱ्याच जणी याच गावात आहेत आणि मेळाव्याला अजून तीन महिने बाकी आहेत.